पाखऱ्याचा पहिला उन्हाळा

नवं खोंड जुवाला लावायचं ते उन्हाळ्यात, ही आमच्या माणदेशातली जुनी रीत. त्यामागं विचार आहे. शाळू निघून रानं मोकळी झालेली असतात, खोंड बिथरून कुठंही पळालं तरी पिकाची नासाडी होत नाही. पेरणीची घाई नसल्यानं माणसाचं डोकं थंड असतं. आणि पाडव्यापासून मृगापर्यंत दोन-अडीच महिने सलग हाती लागतात. अडचण फक्त उन्हाची. एप्रिल-मेमध्ये आटपाडी-सांगोल्याच्या पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो, त्यामुळं शिकवणं असो की नांगरणं, जे काही करायचं ते ऊन तापायच्या आत.

आमचं रान चार एकर, तेही तीन तुकड्यांत. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहे, तमिळनाडूत. आटपाडी-खानापूर भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. मागं राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसं शेती बघतात, अशी इथं कितीतरी घरं. आमच्याकडं मामा, म्हणजे माझे सासरे, बघत होते. त्यांचे गुडघे गेले तसा कासरा माझ्या हातात आला. सुरुवातीला आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बाईनं नांगराला हात लावू नये म्हणत्यात." मामा बांधावर बसले होते. ते म्हणाले, "आन् रान पडीक पाडावं, असं म्हणत्यात व्हय?" तो विषय तिथंच संपला. आता आत्याच न्याहारी घेऊन रानात येतात आणि तास, म्हणजे नांगराची ओळ, वाकडं गेलं की आधी त्याच सांगतात.

हरण्या आमचा जुना बैल. त्याचा जोडीदार २०२२ च्या लम्पीच्या साथीत गेला. त्यानंतर कितीतरी दिवस हरण्या गव्हाणीपुढं एका बाजूला जागा सोडूनच उभा राहायचा. शेजारच्या अण्णांकडं एकच बैल राहिला होता, आमच्याकडं एक. मग सावड धरली, दोन घरांची दोन बैलं मिळून एक जोडी, आणि दोन्ही घरांची रानं आळीपाळीनं. सावडीत कामं होतात, पण पेरणीच्या वाफशाला, म्हणजे रान कामाजोगं ओलं असतं तेव्हा, दोघांनाही एकाच दिवशी बैल लागतो. म्हणून यंदा पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेतून खोंड आणलं.

बाजारात आता दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक असतं. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये वाट मोकळी करून दिली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदाही कायम ठेवला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडांचे भाव आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर गेलेत. खिलार जात टिकायला त्यानं हातभार लागला, हे मी मान्य करते. पण रानात चालणारं खोंड निवडायची नजर वेगळी. मामांनी आधी खूर बघितले, घट्ट आणि काळे आहेत का. मग छाती, मग मानेचा भाग. दात बघितले, दोनदाती निघालं, म्हणजे अडीच वर्षांच्या आसपासचं. शेवटी त्याच्या मागं जाऊन छत्री उघडली. ते दचकलं, पण वळून बघत उभं राहिलं, पळालं नाही. "हे घ्यायचं," मामा म्हणाले. घरी आणल्यावर मुलांनी त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं. थंडीतच पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्यानं खच्ची करून घेतलं आणि पाडव्यापर्यंत त्याला नुसतं खाऊ-पिऊ दिलं.

त्या दिवसांत माझं काम एकच होतं, त्याला माझ्या हाताची सवय लावायची. सकाळी शेण काढताना, संध्याकाळी वैरण टाकताना त्याच्या मानेवरून, वशिंडावरून, पोटाखालून हात फिरवायचा. पाय उचलून खूर साफ करायचे. खिलार मुळात तापट जात. अनोळखी माणूस जवळ आला की मान वर, कान ताठ, नाकातून फुरफुर. त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. मी त्याच्याजवळ बसून शेंगा फोडायची, कधी तांदूळ निवडायची, आणि मुलांना तिथंच अभ्यासाला बसवायची. महिनाभरात ते माझ्या पदराला नाक लावू लागलं.

मामांचा एक नियम मोडायचा नाही, असं ठरलेलं होतं: पहिल्या वर्षी खोंड नांगराला धरायचं नाही. नांगराचा ओढा सगळ्यात जड, आणि खोंडाची हाडं अजून भरायची असतात. एकदा का त्याला वाटलं की जू म्हणजे न हलणारं ओझं, की ते रानात बसायला शिकतं, आणि बसायला शिकलेला बैल आयुष्यभर बसतो. म्हणून नांगरटीला हरण्या आणि अण्णांचा बैल हीच जोडी ठेवली.

नांगरट चैत्रात. पहाटे साडेचारला उठायचं, वैरण-पाणी करायचं, उजाडायच्या आत रानात. आमचा नांगर लोखंडी, मामांच्या वडिलांनी घेतलेला. किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला आणि पुढं १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. आटपाडीही तेव्हा औंध संस्थानातच होती, म्हणून तो नांगर आमच्याकडं लवकर पोचला असं मामा सांगतात. त्याआधीच्या जड लाकडी नांगराला काळ्या रानात दोन-तीन जोड्या लागत. या नांगराला एक जोडी पुरते. माती उजवीकडं पलटते, त्यामुळं उजवीकडचा बैल तासात चालतो आणि डावीकडचा कोऱ्या रानावर. तासातला बैल शहाणा लागतो, तो सरळ चालला की सगळं सरळ. हरण्या कायम उजवीकडं.

रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीच्या दांड्यावर, जोर द्यायचा नसतो, हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण जोर दिला की दुपारी हात उचलत नाहीत. नांगर मातीत बसला की तो आपला जातो. हाताला फक्त दगड कळला पाहिजे. फाळ दगडावर टेकला की रुमण्यातून एक कंप येतो, त्याच क्षणी बैल थांबवायचे. मागं बगळे, साळुंक्या, कावळे ओळीनं चालतात. उलटलेल्या मातीतून निघालेले कोष आणि हुमण्या ते टिपून खातात. मक्यावर लष्करी अळी यायला लागल्यापासून या पाखरांची किंमत मला जास्तच वाटते, कारण ती अळी मातीतच कोषात जाते. हरळीच्या काशा, म्हणजे मुळ्या, वर येऊन उन्हात वाळतात. उन्हाळी नांगरटीला रान तापवणं म्हणतात ते त्यासाठीच.

दिवसाला अर्धा एकर झाला की पुष्कळ. ट्रॅक्टर तेवढं काही वेळातच करतो. मी ट्रॅक्टरच्या विरोधात नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरटीला आम्हीही भाड्यानं लावतो. पण आमचे तुकडे अरुंद, वळायला जागा नाही, आणि बाजरीत कोळपं घालायला शेवटी बैलच लागतो. शिवाय शेणखत. चार एकराला पुरेल एवढं खत विकत घ्यायचं म्हटलं तर घरात काही उरायचं नाही.

नऊ वाजले की काम बंद. बैल धापा टाकू लागला, तोंडाला फेस आला, जीभ बाहेर निघाली, तर नऊचीही वाट बघायची नाही. सोडल्यावर लिंबाच्या सावलीत आधी दम खाऊ द्यायचा, मग पाणी. उन्हाळ्यात एक बैल दिवसाला पन्नास लिटरच्या आसपास पाणी पितो, काम असेल तर जास्तच. संध्याकाळच्या पाण्यात मूठभर मीठ. गोठ्यावर पाचट अंथरलेलं आहे, दुपारी त्याच्या कडेला ओली तरटं लावते. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी टिकतं. त्याआधी मामा बैल ओढ्यातल्या झऱ्यावर न्यायचे, आणि रांगेत उभं राहायला लागायचं म्हणतात.

वैरणीचा हिशेब पाडव्यालाच करावा लागतो. कडबा शेकड्यावर विकत घ्यायची वेळ आली तर भाव ऐकवत नाही. एका बैलाला दिवसाला पाच-सहा पेंढ्या धरायच्या, मृग लांबला तर आणखी महिनाभराच्या, आणि तेवढी गंज रचून वरून शाकारून ठेवायची. वळवात भिजलेला कडबा काळा पडतो, त्याला बुरशी लागते, जनावर तोंड लावत नाही. विहिरीजवळ थोडं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, केलं होतं, पण ते फुलोऱ्यात आल्याशिवाय कापायचं नाही. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावराला किराळ, म्हणजे त्याची विषबाधा, लागते आणि डॉक्टर यायच्या आत ते जाऊ शकतं. मुलांनाही हे पाठ करून दिलंय, कारण हिरवं दिसलं की मूल सहज उपटून गव्हाणीत टाकतं. पाखऱ्याला वैरणीशिवाय भिजवलेले हुलगे आणि सरकीची पेंड मिळायची. हरण्या ते बघून दावं ओढायचा, मग त्यालाही थोडी पेंड.

आता पाखऱ्याचं शिकणं. पहिल्यांदा नुसतं जू. पहाटेच्या गारव्यात अंगणातच हरण्याशेजारी उभं केलं, मामांनी जू धरलं, मी शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, घातल्या आणि गळ्याखालचं जोतं सैल बांधलं. पाखऱ्यानं मान झटकली, मागं सरकला, जू तिरकं झालं. हरण्या जागचा हलला नाही. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळानं सोडलं आणि त्याला पेंड दिली. असं रोज, एकेक घटका वाढवत. "जुवाखालनं सोडल्यावर त्याला काय मिळतं ते त्यानं ध्यानात ठेवाय पायजे," मामा म्हणायचे.

मग कोरड्या ओढ्यात चालणं. ओढ्यातली वाळू ही खोंडाची खरी शाळा, कारण वाळूत पळता येत नाही. चार उड्यांत दम निघतो आणि ते आपोआप चालीवर येतं. मी मागून कासरा धरून, मामा काठावरून काठी टेकत. पाखऱ्याची चाल हरण्यापेक्षा जलद, त्यामुळं जू सारखं तिरकं व्हायचं. हरण्या त्याच्यासाठी पाऊल वाढवत नव्हता. जुनी खोडं खोंडाला माणसापेक्षा चांगलं शिकवतात, हे मी तिथं रोज बघत होते. पाखऱ्या पुढं ओढायचा, हरण्याची मान जागची हलायची नाही, आणि शेवटी पाखऱ्यालाच हळू व्हावं लागायचं.

वाळूत चालायला लागल्यावर मागं बाभळीचा ओंडका बांधला. ओंडक्याचा फायदा असा की त्याचा आवाज येतो. घासत, दगडाला आपटत काहीतरी सतत मागून येतंय, याची खोंडाला सवय व्हायला हवी, नाहीतर पुढं गाडीला ते उधळतं. पहिल्या दिवशी पाखऱ्याचे डोळे पांढरे झाले. मी कासरा ताणला नाही, नुसती बोलत राहिले. काय बोलले ते महत्त्वाचं नव्हतं, त्या दिवशी मुलीचा पाढ्यांचा धडा म्हटला असेल. माझा आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं त्याला कळलं.

या सगळ्यात डोळा ठेवायचा तो मानेवर. खांदा आला, म्हणजे जुवानं मान सुजली किंवा सोलवटली, की खोंड महिनाभर तरी बसून राहतं, आणि दुखणं लक्षात ठेवून पुढंही जुवाला मान देत नाही. म्हणून आम्ही नवं जू घेतलं नाही. जुनंच सुताराकडून तासून घेतलं, मानेवर टेकणारा भाग काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केला. सोडल्यावर रोज मान पाण्यानं धुवायची, घामाचं मीठ राहू द्यायचं नाही, कोरडी झाल्यावर तेल-हळद. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी सगळेच करतात. पण ज्या बैलाची मान वर्षभर कुणी बघितली नाही त्याला एक दिवस लोणी लावून काय उपयोग, असं मला मनापासून वाटतं.

वैशाखात पत्र्या मारून घेतल्या. पत्री मारणारे बाजाराच्या दिवशी येतात. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासून सपाट करायचे आणि प्रत्येक खुराच्या दोन नख्यांना दोन पत्र्या ठोकायच्या, म्हणजे एका बैलाला आठ. मला बघवत नाही, पण डांबरी सडकेवर आणि मुरमाड रानात पत्रीशिवाय खूर झिजून बैल लंगडतो. पाखऱ्याच्या डोक्याशी मी बसले होते, त्याचं तोंड मांडीवर घेऊन. उठल्यावर बराच वेळ तो पाय उचलून-उचलून टाकत होता.

मग वळीव आला. दुपारभर कोंदून आलेलं होतं, चारला पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. आम्ही खताची गाडी रिकामी करून परत येत होतो. पाखऱ्या गाडीला नुकताच लागला होता, टायरची हलकी गाडी आणि अर्धंच खत, असं चाललं होतं. वीज कडाडली तशी त्यानं अंग टाकून उडी मारली, गाडी चाकोरीतून बाहेर निघाली. मी कासरा धरून ओरडले, "होऽ, होऽ." हरण्या चारी पाय रोवून उभा राहिला. पाखऱ्यानं आणखी दोनदा हिसके दिले, पण पाचशे किलोचा बैल शेजारी खांबासारखा उभा असल्यावर त्याला जाता येईना. तो थरथरत हरण्याच्या अंगाला टेकला. गारा सुरू झाल्या होत्या. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि तरट त्याच्या डोळ्यांवर धरलं. पाऊस कमी झाल्यावर आम्ही घरी आलो ते तो चालत आला, पळत नाही. रात्री मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आता तो गाडीचा झाला."

वळवानंतर दोन दिवसांनी वाफसा आला आणि ढेकळं फोडायचा कुळव काढला. नांगरटीची ढेकळं उन्हात दगडासारखी झालेली असतात, त्यांच्यावर कुळव नुसता उड्या मारतो. एका वळवानं ती आतून फुलतात आणि पास, म्हणजे कुळवाचं पातं, फिरली की विरघळतात. हा वाफसा तीन-चार दिवसांचा, तेवढ्यात जेवढं होईल तेवढं करायचं. पाखऱ्याचं खरं काम इथून सुरू झालं. कुळवाचा ओढा हलका, रान भुसभुशीत, आणि वळायला भरपूर जागा. मी दिंडावर, कुळवाच्या आडव्या लाकडावर, पाय देऊन उभी राहायची, जिथं हरळी दिसेल तिथं भार वाढवायची. आधी तो तासाच्या शेवटी वळताना आतल्या अंगाला घुसायचा, हरण्याच्या पायात यायचा. मामांनी सांगितलं, वळणाआधीच हाक दे. मग मी बांध दहा पावलांवर आला की हाक द्यायची. हळूहळू कासरा न ओढता तो नुसत्या हाकेवर वळू लागला. आत्या काशा-धसकटं वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकतंय गं ते तुझं." मला त्या दिवशी जेवणसुद्धा सुचलं नाही.

मेच्या अखेरीस बाकीची कामं एकदम अंगावर येतात. उकिरडा उपसून खत रानात टाकायचं. परतीच्या वाटेवरची धनगरांची मेंढरं वरच्या तुकड्यात बसवायची, त्या लेंडीखताला तोड नाही. फुटलेली ताल, म्हणजे रानाचा बांध, केणीनं माती ओढून भरायची. ते काम हरण्या आणि अण्णांच्या बैलानं केलं. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतली. दवाखान्यातले लोक वाड्यावर आले, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर बघून नोंद केली. शेणी रचून झाकल्या, गोठ्याचं पाचट बदललं. नवरा गावच्या जत्रेला येऊन आठवडाभर राहून गेला. त्यानं पाखऱ्याला जुवाखाली पहिल्यांदा बघितलं आणि काही न बोलता कासरा माझ्याकडून घेऊन रानातलं एक तास स्वतः चालवून बघितलं.

मृग यंदा वेळेवर बरसला. बाजरीला तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, धरली ती हरण्या-पाखऱ्यालाच. पेरणीत चाल एकसारखी लागते. बैल वेगात गेला तर बी विरळ पडतं, थबकला तर एका जागी सांडतं, आणि ओळ वाकडी झाली तर पुढं कोळपताना रोपं कापली जातात. मामांनी तिफण धरली, मी बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरली. गुडघ्यांना पट्टे बांधून ते सकाळभर चालले, मी नको म्हणत असताना. खालचा मोठा तुकडा आम्ही दोघांनी पेरला. पाखऱ्या दोनदा थांबला, एकदा साप दिसला म्हणून आणि एकदा उगाच.

आता बाजरी उगवून वर आली आहे, कोळपणीला थोडेच दिवस आहेत. कोळपताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधावं लागतं, नाहीतर तो चालता चालता पीक खातो, आणि पाखऱ्याला मुसकं अजिबात खपत नाही. पहिल्या दिवशी त्यानं ते खांबाला घासून फाडलं. दुसरं अण्णांनी घायपाताच्या वाखाचं विणून दिलंय, मऊ आहे. रोज संध्याकाळी वैरण खाऊन झाली की ते बांधते, मान खाजवत शेजारी उभी राहते आणि त्यानं डोकं हलवायचं थांबवलं की लगेच सोडते. काल दूध काढून होईपर्यंत त्यानं ते ठेवून घेतलं.